कॅम्परव्हॅनने वर्षभराच्या सहली: सोलापूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, आली ती आईच्या गुडघ्यांमुळे. लॉजचे जिने आणि रस्त्यातली शौचालयं या दोन गोष्टींनी तिचं फिरणंच थांबलं होतं. आता ती मागच्या बाकावर पाय पसरून बसते, लागेल तेव्हा आडवी होते आणि गाडीतलं शौचालय वापरते. तिचं बघून ओळखीतले बरेच जण हा विचार करू लागले आणि दर दिवाळीनंतर तेच प्रश्न येऊ लागले. म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

पुढच्या वर्षाचं नियोजन कुठून सुरू करायचं? जागांच्या यादीपासून की सुट्ट्यांपासून?

दोन्हीपासून नाही. आधी ऊन बघायचं, मग पंचांग, मग शाळेच्या सुट्ट्या, आणि जागा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात. मे महिन्याची सुट्टी आहे म्हणून हंपी ठरवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सोडून हॉटेल शोधतात.

मार्चच्या मध्यापासून जूनचा पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत सोलापूर, विजयपूर, कलबुर्गी या पट्ट्यात पत्र्याच्या गाडीत झोपायचा बेत करू नका. पारा ४० च्या वर असतो आणि दिवसभर तापलेलं छत मध्यरात्रीपर्यंत आत आग ओततं. तेव्हा कॅलेंडरवर हे अडीच-तीन महिने आधी लाल करून टाका. त्या काळात निघायचंच असेल तर घाटमाथा किंवा समुद्र, मधलं काही नाही.

पंचांगाचा गाडीशी काय संबंध?

आपल्या जिल्ह्यात फार मोठा. वर्षातून चार-पाच वेळा इथले रस्ते पायी चालणाऱ्यांचे होतात, आणि तसेच ते व्हायला हवेत.

आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते. तिथून नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव करत वाखरीला पोचते. तुकाराम महाराजांची पालखी अकलूजकडून येते. शेगावची गजानन महाराजांची पालखी तर सोलापूर शहरातूनच जाते. त्या दिवसांत पंढरपूरच्या बाजूला कॅम्परव्हॅन नेऊ नका. वाहतूक वळवलेली असते, आणि तुमची गाडी जेवढी जागा अडवते तेवढ्यात एका दिंडीची पंगत बसते.

नवरात्र सुरू झालं की तुळजापूरचा रस्ता भरतो, आणि कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर रस्त्यावर लाखो भाविक पायी असतात, वाहनं दुसरीकडून वळवतात. त्या आठवड्यात लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला जायचं असेल तर वेळ आणि वाट दोन्हींचा आधी विचार करा. कार्तिकीला पुन्हा पंढरपूर. संक्रांतीला आपली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस शहरातून मोठी गाडी बाहेर काढायचे नव्हेत. ते दिवस घरीच राहायचे आहेत.

तारखा दर वर्षी सरकतात, हे विसरू नका. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती २५ जुलैला गेली. गेल्या वर्षीच्या वहीवरून तारखा उतरवून घेणाऱ्यांची गडबड इथेच होते. भिंतीवरचं नवं कॅलेंडर आलं की त्या दिवशीच पेन्सिल घेऊन बसा.

मग कुठल्या महिन्यात कुठे जायचं?

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपला. रात्री थंड असतात, गाडीत दोन सोलापुरी चादरी पुरतात, पंखाही लागत नाही. वर्षातली एकच मोठी सहल करायची असेल तर ती याच काळात ठेवा, आणि ती दक्षिणेकडे न्या.

आमची सगळ्यात आवडती वाट अशी: सोलापूरहून विजयपूर साधारण १०० किलोमीटर. गोलघुमट बघून पुढे आलमट्टीचं धरण, मग कूडलसंगम. कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर महात्मा बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ आहे. मंगळवेढ्याशी त्यांचा असलेला संबंध माहीत असलेल्या सोलापूरकराला तिथे परकं वाटत नाही. तिथून ऐहोळे, पट्टदकल, बदामी. पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आहे. या तिन्ही जागा एकमेकींपासून तासाभराच्या आत आहेत, त्यामुळे गाडी एका ठिकाणी लावून दोन रात्री काढता येतात. बदामीत माकडं आहेत. खिडक्या आणि छताचं झाकण बंद केल्याशिवाय गाडीपासून हलू नका.

हंपी याच वाटेने पुढे, सोलापूरहून अंदाजे ३०० किलोमीटर. पहिल्या दिवशी एका दमात गाठायचा अट्टहास नको. तिथलं विठ्ठल मंदिर बघायला आई दोन तास थांबली होती. आपल्या पांडुरंगाची मूर्ती कधीकाळी हंपीला नेली होती आणि संत भानुदासांनी ती परत आणली, अशी परंपरा आहे. पंढरीच्या माणसाला ते मंदिर वेगळंच दिसतं. गाड्या बऱ्याच अलीकडे थांबवतात आणि पुढे बॅटरीवरच्या गाडीने नेतात, त्यामुळे वयस्कर माणसांचीही सोय होते.

जानेवारी-फेब्रुवारीत दोन दिवसांच्या छोट्या फेऱ्याही घाला. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. पुणे रस्त्याने सुमारे १४५ किलोमीटर. पहाटेची होडी पकडायची तर आदल्या रात्री तिथे पोचलेलं बरं, आणि घरच गाडीत असल्याचा खरा उपयोग तेव्हा होतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य तर बार्शी रस्त्यावर अगदी शेजारी आहे. माळढोक आता क्वचितच कुणाला दिसतो, काळवीट मात्र दिसतात. तिथे मुक्काम करायचा नाही. सकाळी जाऊन परत यायचं. हुरड्याचेही हेच दिवस. ओळखीच्या रानात गाडी लावून, आगटीभोवती बसून हुरडा आणि शेंगाचटणी खाल्ली की मुलांना दुसऱ्या सहलीची आठवण राहत नाही.

मार्च-एप्रिल-मे: महाबळेश्वर किंवा कोकण. महाबळेश्वर आपल्यापेक्षा सुमारे ९०० मीटर उंच आहे, आणि उंचीबरोबर तापमान हजार मीटरला साधारण ६ अंशांनी उतरतं. म्हणजे त्याच दिवशी तिथे पाच-सहा अंशांचा फरक पडतो, आणि रात्री गाडीत तो फार मोठा वाटतो. मेमधली गर्दी टाळा, एप्रिल चांगला. कोकणात जायला सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटातून रत्नागिरी ही सरळ वाट आहे. कोकणात रात्री घामाने झोप लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वारा येईल अशी जागा शोधावी लागते.

ऑगस्ट-सप्टेंबर: नळदुर्ग. बोरी नदीला पाणी असेल तर पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. ४५-५० किलोमीटरवर आहे, त्यामुळे पाऊस झाल्याची खबर आली की डबा भरून निघायचं. कासच्या पठारासाठी सप्टेंबर ठेवा, पण आधी ऑनलाइन नोंदणी करा. पठारावर मुक्काम नाही, गाडी खाली साताऱ्याच्या बाजूला.

ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा चटका देतं. तो महिना गाडीच्या दुरुस्तीला.

गाडी विकत घ्यावी की भाड्याने?

वर्षाला २५-३० रात्रींपेक्षा कमी वापरणार असाल तर भाड्याने. यात मला शंका नाही. पहिल्या वर्षी दोनदा भाड्याची गाडी घ्या, एकदा थंडीत आणि एकदा पावसात, मग ठरवा. स्वतः चालवायला घेत असाल तर नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी भाड्याने स्वतः चालवायला देण्यासाठी नोंदलेली असते. कुणाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे देऊन घेऊ नका. अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो.

जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन ओळखीच्या कारागिराकडून आतून करून घेतली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. सीट काढून पलंग घातला म्हणजे आसनसंख्या बदलली, छताला खिडकी पाडली म्हणजे सांगाडा बदलला. मोटार कॅरॅव्हॅनसाठी (म्हणजे अशाच राहत्या गाडीसाठी) एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि आरटीओच्या नोंदीत खासगी वापराच्या कॅम्परव्हॅनचा वेगळा वर्ग आहे. तेव्हा कारागिराकडे जाण्याआधी आरटीओत जा. सोलापूरची एमएच १३ ची पाटी घेऊन कर्नाटकात शिरल्यावर कागद आणि गाडी जुळत नाहीत हे समजण्यापेक्षा आधी चार हेलपाटे मारलेले चांगले. शक्यतो मंजुरी असलेल्या बांधणीकाराकडूनच काम करून घ्या.

नोंद बदलली की विमा कंपनीलाही लेखी कळवा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या गाडीत वायरिंग पेटलं, आणि आतली बांधणी विम्याच्या कागदात नव्हती. त्यांनी आयुष्यभराची बचत घातली होती. म्हणून इतकं सांगतो.

लायसन वेगळं लागतं का?

साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर एकूण भारासह ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. परिवहन वर्गातल्या गाडीलाही ते चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण चालवता येणं आणि हात बसणं वेगळं. पहिले दोन रविवार मोकळ्या मैदानात फक्त मागे घेण्याचा सराव करा.

टोलचा वार्षिक पास चालेल का?

१५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास बिगर-व्यावसायिक कार, जीप, व्हॅन या वर्गासाठी आहे: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तुमच्या फास्टॅगवर गाडीचा वर्ग काय नोंदला आहे त्यावर सगळं अवलंबून. मिनीबस म्हणून नोंद असेल तर नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर तो चालत नाही.

रात्री गाडी लावायची कुठे?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी वीज-पाण्याची जोडणी देणारे तळ अजून मोजके आहेत. त्यामुळे माणसांवरच भरवसा ठेवावा लागतो, आणि आपल्या भागात तो वाया जात नाही.

आमचा क्रम असा. पहिली पसंती देवस्थानच्या भक्तनिवासाच्या वाहनतळाला. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशा ठिकाणी रात्रभर माणसांची वर्दळ असते, पाणी असतं, पहाटे चहा असतो. मात्र अक्कलकोटला गुरुवार टाळा. दुसरी पसंती मोठ्या ढाब्याला: तिथेच जेवायचं, मग मालकाला विचारायचं, "मालक, रात्रभर गाडी लावू का?" असं विचारल्यावर नाही म्हणणारा ढाबेवाला मला अजून भेटलेला नाही. तिसरी पसंती रात्रभर चालू असलेल्या पेट्रोलपंपाला. पर्यटन महामंडळाच्या निवासाच्या आवारात जागा मिळत असेल तर फोन करून आधीच पक्कं करा.

काळ्या रानात मात्र गाडी उतरवू नका, मालक कितीही आग्रह करू दे. एकदा उजनीच्या काठाला आम्ही संध्याकाळी कोरड्या, टणक रानात गाडी लावली. रात्री अवकाळीची एक सर आली, फार तर अर्धा तास. सकाळी चाकं आरीपर्यंत रुतलेली होती. काळी माती भिजली की साबणासारखी होते. शेजारच्या वस्तीवरच्या आजोबांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, आणि पैसे घ्यायला तयार झाले नाहीत. आजीने उलट आमच्या हातावर धपाटे ठेवले. तेव्हापासून मुरूम किंवा डांबर, तिसरं काही नाही.

उन्हाळ्यात एसी बसवून भागणार नाही का?

हिशेब करून बघा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री सरासरी ७००-८०० वॅट खातो. आठ तासांना जवळपास ६ युनिट. १२ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) एका बॅटरीत १.२ युनिट असतं. म्हणजे एका रात्रीला तशा पाच बॅटऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या भरणार कशाने? जनरेटर लावला तर शेजारच्याची झोप जाते. इंजिन चालू ठेवून झोपणं तर जिवावरचं आहे. धूर आत शिरला तर कळतही नाही.

मग बॅटरी आणि सोलर किती घ्यावं?

चौघांच्या कुटुंबाचा दिवसाचा खर्च साधारण असा: छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ५०० वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट), दोन पंखे रात्रभर ५००, दिवे आणि मोबाइल १५०. झाले ११५०. यासाठी २०० एएचची लिथियम बॅटरी पुरते, ढगाळ दिवसालाही आधार राहतो. साधी लेड-ॲसिड घेतली तर अर्ध्याच्या खाली उतरवू नका, नाहीतर वर्षभरात बसते. छतावर ३०० वॅटचं पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला हजारेक वॉट-तास देतं. पॅनेलखाली हाताच्या चार बोटांइतकी फट ठेवा. वारा खेळतो आणि छताला सावलीही मिळते. ही सावली आमच्या गाडीत पंख्याइतकी उपयोगी ठरली.

पॅनेल बसवल्यावर गाडीची उंची पुन्हा मोजा आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. गावच्या कमानी, रेल्वेखालचे भुयारी मार्ग आणि लोंबणाऱ्या तारा या तिन्हींसाठी तो लागतो.

स्वयंपाक गाडीत करायचा का?

चहा, खिचडी, पिठलं, दूध गरम करणं, इतपतच. पाच किलोचा सिलिंडर घ्या, उभा आणि पट्ट्याने बांधलेला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी हवीच. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणाऱ्या दुकानात जाऊ नका. आणि थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी आत आणायची नाही. बंद जागेत तिने माणसं झोपेतच जातात.

बाकीचं काम आपल्या घरच्या पदार्थांनी करून ठेवलं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी महिनाभर टिकते, फ्रिज लागत नाही, गॅस लागत नाही. कडक भाकरी चुरून त्यावर ढाब्यावरची गरम आमटी ओतली की रात्रीचं जेवण झालं.

पाणी आणि शौचालयाचं काय करता?

माणशी दिवसाला १५ लिटर धरा, अंघोळ देवस्थानात किंवा ढाब्यावर. एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. ती मागच्या चाकांच्या मागे बसवू नका, पुढचा भाग हलका होऊन गाडी डोलते. पिण्याचं पाणी वेगळ्या डब्यात.

शौचालयाची पेटी फक्त शौचालयातच रिकामी करायची. ओढ्यात, शेताच्या बांधावर, नदीत कधीही नाही. भीमेच्या पाण्यात खाली कुणीतरी तीर्थ म्हणून हात घालणार असतो. पंपावर किंवा सुलभ शौचालयात पैसे देऊन विचारा, नंतर तिथे पाणी ओतून जागा धुऊन निघा.

पावसात किंवा रात्री गाडी चालवावी का?

रात्री नाही. विशेषतः दिवाळीपासून मार्चपर्यंत. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू असतो आणि आपल्या जिल्ह्यात कारखाने भरपूर. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात मागून दिसत नाही. दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला असतो. दिवसाला २०० ते २५० किलोमीटर पुरे, आणि पाचला मुक्कामाची जागा सापडलेली हवी.

पावसाचं आपल्याकडे एक वेगळेपण आहे: सोलापूरला सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. जून-जुलै कोरडे गेले म्हणून निर्धास्त राहू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा महामार्गावरची वाहतूकसुद्धा अडली. उजनी आणि वीर धरणातून पाणी सोडलं की पंढरपूरला चंद्रभागा वाळवंट व्यापते, तेव्हा नदीकाठी मुक्काम नाही. पुलावरून पाणी जात असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नका. थांबा, चहा करा, गाडीत घर आहे.

वयस्कर माणसं सोबत असतील तर?

पायरी. बाकी सगळं नंतर. गाडीच्या दाराशी जमिनीपासून २० सेंटीमीटरपेक्षा उंच नसलेली, न हलणारी पायरी आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडा. रात्री शौचालयापर्यंत एक मंद दिवा कायम चालू. गोळ्या पुढच्या कप्प्यात, फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल तर त्या फ्रिजची तार दुसऱ्या कशालाही जोडू नका. आणि दर दीड तासाला थांबा.

खर्च किती येतो?

आमची गाडी लिटरला सुमारे १० किलोमीटर देते. बदामी-हंपीची फेरी गावातल्या फिरण्यासह ७५० किलोमीटर झाली, म्हणजे ७५ लिटर डिझेल. टोल आणि तिकिटं वेगळी. मुक्कामाला जवळपास काही लागलं नाही, पण ज्या देवस्थानात थांबलो तिथे अन्नछत्राची पावती फाडली आणि ज्या ढाब्यावर थांबलो तिथे दोन्ही वेळ जेवलो.

गाडीची कामं कधी काढायची?

ऑक्टोबरमध्ये, कोजागिरीच्या आसपास, कारण तेव्हा तसंही बाहेर पडणं अवघड असतं. ब्रेक, बेल्ट, कूलंट, छताचे सांधे, सिलिंडरची नळी. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेलं असतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी शिल्लक दिसली तरी बदला, आपल्याकडचं डांबर त्यांना आतून खातं. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची. आणि सहलीला निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांनी एकदा अंगणातच गाडीत झोपायचं. काय विसरलं ते घराशेजारी असतानाच कळतं.